भाणातले तीन दगड

टाकी हॉलमध्ये ठेवायची ठरली तेव्हा पहिला प्रश्न जमिनीचा निघाला. लांबी सहा फूट, रुंदी दोन, उंची अडीच. पाणी, दगड, वाळू, काच आणि खालचा लोखंडी स्टँड धरून वजन सव्वा टनाच्या आसपास जात होतं. हे गणित थोरल्या भावानं केलं. तो बावीस वर्षं सुर्ल्याला खनिज धुण्याच्या प्लँटवर सुपरवायझर होता, त्यामुळे टनाची भाषा त्याच्या तोंडी सहज यायची. टिप्परमध्ये दहा टन माल बसतो, हे त्याच्या एका कोपऱ्यातसुद्धा मावेल, असं त्यानं वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, टिप्पर कोणी हॉलमध्ये उभा करत नाही.

खाणी थांबल्या आणि दादा खाणीवरची खोली सोडून कायमचा घरी आला, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आमचं घर तुयेहून चोपड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. मी पणजीला एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि रोज ये-जा करायचो. घरात आम्ही कोंकणी बोलतो, लिहिणं मराठीत. घरात माणसं तीन: दादा, वहिनी आणि मी. त्या दीड वर्षात दादा सकाळी नऊला उठायचा, सोप्यावर बसायचा आणि रस्त्यानं कोण गेलं ते बघायचा. समुद्री टाकीचं खूळ त्याला कुठून लागलं ते नक्की सांगता येत नाही. खाणीवरच्या एका साहेबाच्या बंगल्यात त्यानं कधीतरी तशी टाकी पाहिली होती, एवढंच तो बोलला. ते ठरल्यापासून मात्र तो पाचला उठू लागला. पुढे मी ज्या ज्या गोष्टींवर गप्प राहिलो, ते या एका कारणानं.

हॉलची फरशी उकरून त्याखाली काँक्रीट घातलं. टाकी बांधायला गडहिंग्लजकडचा एक कारागीर आला. तो तुयेच्या कारखान्यात कामाला होता आणि रविवारी काचेची कामं करायचा. दोन रविवारांत त्यानं टाकी उभी केली. वहिनीनं त्याला विचारलं, काच फुटली तर?

"काच फुटत न्हाई, वैनी," तो म्हणाला. "सिलिकॉन सुटतंय. आन् सुटलं की एका दमात सुटतंय."

"तेन्ना आमी खंय आसतलों?"

"म्हनून सांगतो, टाकीम्होरं बाकडं ठिवू नकासा."

बाकडं त्याच दिवशी सोप्यावर गेलं. त्यानंतर बरेच दिवस आम्ही हॉलमधून भिंतीला धरून चालायचो. पाणी हरमलहून आलं. किनाऱ्यालगतचं गढूळ असतं म्हणून दादा होडीवाल्याला घेऊन लाटांच्या पलीकडे गेला आणि कॅन भरून व्हॅनमधून खेपा घातल्या. टाकी भरत आली तसा समोरच्या काचेला किंचित फुगवटा आला. कारागीर म्हणाला, एवढा असतोच. दादानं काचेला आडवी फूटपट्टी लावून फट मोजली आणि महिनाभर रोज मोजली. ती वाढली नाही. मग भीती विजेची. वीज गेली की पंप थांबणार, पंप थांबला की पाण्यातली हवा संपणार. त्यासाठी इन्व्हर्टर आला. मग मिठाच्या पाण्यात विजेच्या तारा, म्हणजे शॉक. त्यासाठी वेगळा स्विच बसला. प्रत्येक भीतीवर काहीतरी उपाय निघत गेला आणि पंपाच्या आवाजाची घराला सवय झाली.

दगड मुंबईहून आले. या छंदात त्यांना जिवंत दगड म्हणतात. समुद्रातून काढलेले, त्यांवर पोवळी आणि इतर बारीक जीव चिकटलेले. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं, कागद वगैरे काही लागत नाहीत. लागत नाहीत याचा अर्थ मला माहीत होता. पोवळी समुद्रातून काढणं आणि बाळगणं, दोन्ही कायद्यानं गुन्हा. तस्करीची पोवळी जप्त झाल्याची एक बातमी काही महिन्यांपूर्वी मीच आतल्या पानावर लावली होती. हे मी दादाला एकदा सांगितलं. तो म्हणाला, आपण समुद्रातून काढली नाहीत, विकत घेतली. दुसऱ्यांदा मी बोललो नाही.

सकाळी म्हापशाच्या बसस्टँडवर थर्मोकोलची मोठी पेटी उतरली. टेप लावलेली, खालच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. स्टँडवर उभा असलेला पोलीस जवळ आला आणि काय आहे म्हणून विचारलं. दादा म्हणाला, "नुस्तें." पोलिसानं मान हलवली आणि तो पुढे गेला. गोव्यात मासळीची पेटी उघडायला कोणी लावत नाही. माझे हात मात्र व्हॅनमध्ये बसेपर्यंत पेटीवरून सुटले नव्हते.

पुढचे सात-आठ महिने टाकी चांगली चालली. खाजगीत सांगायचं तर ती सुंदर होती. संध्याकाळी गल्लीतली माणसं बघायला यायची आणि दादा त्यांना पाण्याचा क्षार, तापमान, माशांचं वागणं समजावून सांगायचा. त्याचा आवाज पुन्हा प्लँटवरच्यासारखा झाला होता. त्याच दगडांवर तपकिरी रंगाचे, शर्टाच्या बटणाएवढे जीव होते. विकणारा त्यांना बटणंच म्हणायचा. सुरुवातीला आठ-दहा होती. मग ती पसरत गेली, दगडच्या दगड झाकू लागली आणि त्यांच्या शेजारची पोवळी पांढरी पडून मरू लागली. दादानं ब्रशनं घासून पाहिलं, ती परत आली. फोनवर विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तेवढे दगड बाहेर काढून उकळून घ्या, मग नव्यासारखे होतील.

दादाला हे लगेच पटलं. बावीस वर्षं त्यानं दगडाची माती धुऊन माल काढला होता. दगड घाण झाला की धुवायचा, यात त्याला विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

रविवारची सकाळ होती. सगळ्यात जास्त बटणं असलेले तीन दगड त्यानं काढले. ते मावतील एवढं भांडं घरात एकच, न्हाणीतलं भाण. आमच्याकडे न्हाणीच्या कोपऱ्यात चुलीवर तांब्याचं मोठं भाण बसवलेलं असतं, आंघोळीचं पाणी त्यातच तापतं. त्यानं भाणात दगड ठेवले, विहिरीचं पाणी ओतलं, खाली नारळाची सोडणं पेटवली. वाऱ्यानं धूर आत फिरत होता म्हणून न्हाणीची झडप लावून घेतली. मी सोप्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. तो काठीनं दगड फिरवतोय आणि सुरीच्या टोकानं खरवडतोय, याचा आवाज येत होता. पाऊण तास तो आत होता. वास तिसऱ्यांच्या शिंपल्या शिजवल्यासारखा येत होता. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोलां घालूं काय त्या फातरांच्या आमटयेंत?" दादा आतून हसला आणि हसताना त्याला खोकला आला.

बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं चूल विझवली आणि दगड निवेपर्यंत भाणातच राहू देत, असं म्हणाला. जेवायला बसल्यावर त्यानं पहिला घास खाली ठेवला. तोंडात लोखंडाची चव येतेय, प्लँटवर धूळ खाल्ल्यावर यायची तशी, असं म्हणाला. थोड्या वेळानं त्याला हुडहुडी भरली. वहिनीनं दोन चादरी घातल्या. तिला मलेरिया वाटला. तिनं पेज केली, ती त्यानं घेतली नाही. अडीचच्या सुमाराला तो उठून बसला, कारण आडवं होऊन श्वास घेता येईना. एका वाक्यात तीन शब्दांच्या पुढे त्याला जाता येत नव्हतं. ओठांचा रंग बदलला होता.

मी व्हॅन काढली. वहिनी बरोबर यायला निघाली, तर दादानं हातानं तिला थांबवलं. सकाळपासून दोनदा वीज जाऊन आली होती. "पंप पळय," एवढंच तो म्हणाला. म्हणून पंपावर लक्ष ठेवायला ती मागे राहिली.

शिवोलीच्या पुलावरून म्हापशाला पोचेपर्यंत तो खिडकीची कड धरून बसला होता. मी गाडी चालवताना त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत होतो आणि तो आवाज पुलावरच्या वाऱ्यात दोनदा बुडाला, तेव्हा मान वळवून पाहिलं. इस्पितळात लगेच आत घेतलं, ऑक्सिजन लावला. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छाती तपासली, बोटाला यंत्र लावलं, आणि मला विचारलं, सकाळपासून हे कुठल्या वाफेत, धुरात किंवा औषधाच्या वासात होते का?

मला दगड आठवले. त्याच क्षणी आठवले, यात शंका नाही. त्यांच्याबरोबर ती पेटी आठवली, स्टँडवरचा पोलीस, मीच लावलेली बातमी. केसपेपरवर पोवळ्याच्या दगडांचा उल्लेख झाला तर तो कुठे कुठे जाईल, ते मनात आलं. दादाला अटक होईल, माझं नाव आमच्याच पानावर येईल. दगड उकळल्यानं माणसाचा श्वास कोंडतो, असं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून त्यांचा संबंध नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मी सांगितलं, "न्हाणीत चूल पेटवली होती. धूर झाला होता."

त्यांनी ते लिहून घेतलं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात चारला सतरा मिनिटं कमी होती. वेळ बघून ठेवणं ही माझी सवय. नंतर एक्स-रे झाला. इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या आणि पुन्हा आल्या. धुरानं एवढं होत नाही, असं त्या परिचारिकेला हळू आवाजात म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि तसाच उभा राहिलो. दादाचे डोळे मिटलेले होते. मग त्यानं ते उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला.

"फातर सांग तांका," तो म्हणाला.

परिचारिकेनं मास्क परत बसवला. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. घड्याळात चारला सहा कमी होती. मी सुरुवात मुंबईच्या विक्रेत्यापासून केली, कागद नव्हते इथपासून. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कुठून आणलं ते नको मला. त्या दगडावर काय होतं?"

मी म्हटलं, बटणं. त्याचं खरं नाव मला माहीत नव्हतं. आठ महिने ती घरात होती आणि मी, ज्याला प्रत्येक शब्द तपासायचा पगार मिळत होता, त्या जीवाचं नाव विचारलं नव्हतं. रंग सांगितला, आकार सांगितला, वास सांगितला. त्या आत जाऊन कोणाला तरी फोन करून आल्या. पाच मिनिटांहून जास्त लागलं नसेल. परत आल्या तेव्हा चालण्याचा वेग वेगळा होता. म्हणाल्या, अशा काही जीवांत फार जहाल विष असतं, उकळलं की ते वाफेबरोबर वर येतं. त्यावर उतारा नाही, श्वास चालू ठेवायचा आणि वाट बघायची. हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं. मग विचारलं, "ते दगड, ते पाणी आत्ता कुठे आहे?"

"न्हाणीत."

"आणि घरी आत्ता कोण आहे?"

तोपर्यंत मला वहिनीची आठवण झाली नव्हती. आता ती झाली आणि तिच्याबरोबर दुसरीही गोष्ट आठवली. इस्पितळातून आलेलं माणूस आमच्या घरात आंघोळ केल्याशिवाय आत येत नाही. मागच्या दारानं सरळ न्हाणीत जायचं, कपडे तिथेच भिजत घालायचे. कोणी इस्पितळात गेलं की मागे राहिलेली बाई त्याच्यासाठी पाणी तापवून ठेवते. आमच्याकडे हे कोणी कोणाला सांगत नाही. आणि पाणी तापवायचं भाण एकच.

फोन लावला. वाजून थांबला. दुसऱ्यांदा लावला. वहिनीचा फोन नेहमी हॉलमध्ये टाकीशेजारच्या टेबलावर असायचा, न्हाणी घराच्या दुसऱ्या टोकाला. ती आत असेल तर फोन ऐकू येणार नाही, आणि ऐकू येत नाही याचा अर्थ ती आत आहे. तिसऱ्यांदा लावला. शेजारी कोणाचा नंबर आहे का ते बघायला लागलो, पण सापडला नाही. कारागिराचा नंबर होता. तो त्या दिवशी गावी गेलेला. त्यानं तिकडून सांगितलं, मी कुनाला तरी धाडतो, तुम्ही लावत ऱ्हावा. चौथ्यांदा लावला. पाचव्यांदा वहिनीनं उचलला.

"कशे आसात ते?" तिनं विचारलं. तिला धाप लागली होती.

तू कुठे आहेस, म्हणून मी विचारलं.

"न्हाणयेंत आशिल्लें. भाणाक वास मारता, म्हूण फातर भायर काडले आनी त्याच पाण्यांत चिंच घालून उकळत घातलां. मागीर घासून तुमकां न्हावंक पाणी दवरतां."

मी तिला सांगितलं की आत जायचं नाही. घराबाहेर पडायचं, अंगणात नाही, रस्त्यावर.

"चुलींत सोडणां पेटल्यांत, भावोजी. तशींच सोडूं? घर पेटलें जाल्यार?"

"पेटूं दी. त्या वाफेनच दादाक जालां."

 पलीकडे पंपाची घरघर ऐकू येत होती, म्हणजे ती टाकीजवळच उभी होती. मग खोकल्यासारखा आवाज आला. तिनं घसा साफ केला की खोकली, हे मला फोनवर कळलं नाही. दार ओढल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

कारागिराच्या खोलीतल्या दोघांनी तिला मोटरसायकलवरून म्हापशाला आणलं. येईपर्यंत पन्नास मिनिटं गेली. त्या पन्नास मिनिटांत मी इस्पितळाच्या फाटकापासून दादाच्या खाटेपर्यंत किती फेऱ्या घातल्या, ते मोजलं नाही. तिचे डोळे लाल होते, तोंडात लोखंडाची चव होती. तिनं फुंकणीनं चूल पेटवली होती, दगड हातानं उचलले होते, हाताला ओरखडे होते. तिला दोन दिवस ठेवून घेतलं. दादाला अकरा दिवस. त्यातले पहिले तीन दिवस डॉक्टरीणबाई उद्याबद्दल काही बोलत नसत. केसपेपरवर त्यांनी समुद्री जीव उकळल्यानं वाफेतून विषबाधा असं लिहिलं. ते वाचून घरी कोणी आलं नाही. तरी पुढचे कित्येक महिने दाराशी जीप थांबली की मी पडद्याआडून बघायचो.

घर पेटलं नाही. सोडणं आपोआप विझली. न्हाणी वहिनीनं आणि मी तोंडाला फडकी बांधून ब्लीचिंग पावडरीनं धुतली, भाण आणि ते तीन दगड मागच्या परसात खोल पुरले. राहिली टाकी. तिच्यात त्याच बटणांचे आणखी नऊ दगड होते, जिवंत, आणि आता ते कोणी हात लावण्याजोगे राहिले नव्हते. टाकीसमोरून जाताना वहिनी श्वास रोखायची. पाण्यात असेपर्यंत ते काही करत नाहीत, हे मी तिला समजावलं, आणि मीही श्वास रोखायचो. शेवटी कारागिरालाच बोलावलं. त्याला आधी सगळं सांगितलं, काय आहे, काय होतं, कशानं होतं. त्यानं ऐकून घेतलं, तास-दोन तास विचार केला आणि मग हातमोजे घालून आला. पाण्यात ब्लीच ओतून टाकी आठवडाभर झाकून ठेवली. मासे त्याआधी दुसरीकडे दिले. दादा तेव्हा खोलीत होता. तो बाहेर आला नाही.

महिनाभरानं एका दुपारी वहिनी स्वयंपाकघरात नारळ खवत होती. दादा अंगणात चालत होता, पायरीपासून फाटकापर्यंत आणि परत. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं आणि त्याच्याच्यानं तेवढंच होत होतं. वहिनीनं खवणीवरून मान वर केली नाही.

"डॉक्टरणीन पयलीं विचारलें, तेन्ना तुमकां फातरांची याद जावंक ना?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. तिथे खोटं ठरवायला कोणी नव्हतं, दादासुद्धा पुन्हा कधी त्याबद्दल बोलला नव्हता.

"जाल्ली," मी म्हटलं.

"मागीर?"

मी तिला पोलिसाचं सांगितलं, बातमीचं सांगितलं. ती खवत राहिली. मग विचारलं, किती वेळ. मी सांगितलं, अकरा मिनिटं, चारला सतरा कमी असल्यापासून चारला सहा कमी असेपर्यंत. तिनं नारळाची वाटी खाली ठेवली. मला वाटलं ती उठून जाईल. ती बसून मनात काहीतरी जुळवत होती.

"तेन्ना हांव चिंच सोदतालें," ती म्हणाली. "चूल पेटोवंक नाशिल्ली." म्हणजे त्या अकरा मिनिटांत ती अजून चिंच शोधत होती, चूल थंड होती.

अंगणात दादा खोकला.  खोकला लांबत गेला, मध्ये एकदा तुटला, आणि तो तुटला तेव्हा वहिनी अर्धी उठली होती. फाटकाची कडी वाजली, म्हणजे त्यानं आधाराला फाटक धरलं होतं. मग पावलं परत पायरीकडे यायला लागली. पावलं पायरीपर्यंत पोचेपर्यंत वहिनी खाली बसली नाही.